वंशावळीत नसलेल्या बायका

चाऊस आडनावाची घरं मराठवाड्यात विखुरलेली आहेत. संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यातही. निजामाच्या फौजेत चाकरीसाठी येमेनच्या हद्रमौत भागातून जे अरब आले, त्यांचे आम्ही वंशज. चाऊस हा मुळात तुर्की फौजेतला एक हुद्दा, इथे तो आडनाव होऊन बसला. जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. नोकरी लग्नाआधी लागली, त्यामुळे सेवापुस्तकात मी शेवटपर्यंत चाऊसच राहिले. बदली होऊन नव्या गावात गेलं की कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही अरब म्हणे?" विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वेगळं काहीतरी असायचं. कुणाला वाटायचं मी घरी अरबी बोलत असेन, कुणाला अरब म्हणजे मुसलमान एवढंच अभिप्रेत असायचं, कुणी नाकाडोळ्यांकडे बघून अंदाज बांधायचं. निवृत्त झाल्यावर मी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. पुस्तकं वाचली, जुने उर्दू कागद जाणकारांकडून वाचून घेतले, नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने मांडते.

१. पहिली मोजपट्टी बापाची असते. तिच्यात आई मोजलीच जात नाही.

माझ्या दादांना, म्हणजे वडिलांच्या वडिलांना, आपली वंशावळ तोंडपाठ होती. अमुक बिन अमुक बिन अमुक, असं म्हणत ते हद्रमौतपर्यंत पोचत. आम्हा भावंडांना समोर बसवून ती यादी घोकून घेत. या वंशाला अरब ‘नसब’ म्हणतात आणि तो बापाकडूनच चालतो. दक्षिणेकडचे अरब स्वतःला कहतानचे वंशज मानतात, उत्तरेकडचे अदनानचे. त्याखाली टोळ्या, टोळ्यांच्या शाखा, मग घराणी. हद्रमौतच्या खोऱ्यात या यादीवर रोजचं जगणं अवलंबून होतं. कुणाच्या खुनाचा सूड कुणी घ्यायचा, मुलगी कुठल्या घरात द्यायची, संकटात कुणाच्या दारात जायचं, हे सगळं तिच्यावरून ठरे.

ती यादी मी मोठेपणी कागदावर उतरवली. तिच्यात एकही बाई नाही.

आणि बायकांशिवाय तर आमचा वंश इथे उभाच राहिला नसता. तरीम, सैऊन, शिबाम ही हद्रमौतची जुनी गावं. शिबामला मातीच्या विटांचे पाच-सात मजली वाडे आजही उभे आहेत. पण पाऊस तुटपुंजा, शेती थोडी आणि टोळ्यांची भांडणं कायमची. त्यामुळे तरुण पुरुष समुद्रापार जात आणि बायका मागे राहत. जे दख्खनमध्ये आले त्यांनी इथल्याच मुसलमान घरांतल्या मुलींशी निकाह लावले. अरबस्तानात जन्मलेल्याला इथे विलायती म्हणत, इथे जन्मलेल्याला मुवल्लद. माझे पणजोबा विलायती, दादा मुवल्लद. पणजी परंड्याकडची होती, एवढंच दादी सांगायची. तिचं नाव दादांनाही सांगता येत नव्हतं, कारण ते सगळे तिला ‘अम्माजान’च म्हणत.

इब्न खल्दून हा थोर इतिहासकार १३३२ साली ट्यूनिसला जन्मला. त्याचं घराणं आपलं मूळ हद्रमौतचं सांगे; मधली कित्येक शतकं ते स्पेनमध्ये सेव्हिलला होतं. १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त त्याने वंशाबद्दल फार स्वच्छ विचार मांडला आहे. त्याच्या मते वंश ही बरीचशी मानण्यातली गोष्ट आहे आणि माणसं एकमेकांसाठी उभी राहतात तेवढाच तिचा उपयोग. आमच्याच मुलखाचं मूळ सांगणाऱ्या माणसाने सहाशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलं होतं, आणि आमच्या घरात ते कुणी सांगितलं नव्हतं.

२. भाषेची मोजपट्टी लावली तर आम्ही अरब नाही. भाषा आमच्या बायकांनी ठरवली.

विसाव्या शतकात अरब राष्ट्रवाद मांडणाऱ्यांनी वंश बाजूला ठेवला आणि भाषेला महत्त्व दिलं. त्यांतलं मोठं नाव साति अल-हुसरी यांचं. अरबी ज्याची भाषा, तो अरब, मग त्याला ते मान्य असो वा नसो, इतकी त्यांची भूमिका ठाम होती. इराकमध्ये त्यांनी याच विचारावर शाळांचा अभ्यासक्रम उभा केला. ते स्वतः येमेनमध्ये सना इथे जन्मले, घराणं अलेप्पोचं, पण वाढले तुर्की बोलत. त्यांच्या अरबीत तुर्की ढब शेवटपर्यंत राहिली असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं आहे. भाषा नंतर आपलीशी करता येते, याचा ते स्वतःच पुरावा होते. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा सिबवैह तर इराणी होता.

आमच्या घरात उलटं झालं. पणजोबांची बोली हद्रमी अरबी. दादांना ती समजायची, बोलायला मोडकीतोडकी यायची. वडिलांना नमाजापुरती. मी कुराण वाचते, अर्थ उर्दूतून समजून घेते. चुलीपाशी दखनी आणि दाराबाहेर मराठी, हीच आमची खरी भाषा. हे झालं ते दादीमुळे, तिच्या आधी पणजीमुळे. फौजेतला पुरुष महिनोन्‌महिने बाहेर असे. मूल आईच्या, मावशीच्या, शेजारणीच्या बोलीत वाढे. दादांनी यादी घोकून घ्यायला सुरुवात केली की दादी आतून म्हणायची, "अरब हुइंगे तुमारे दादा. मैं तो ढोकीकी." ढोकी हे तिचं माहेर.

याला इस्लामी परंपरेतच एक जुना दाखला आहे. हजरत इस्माईल यांच्या आई हाजरा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या. मक्केच्या ओसाड खोऱ्यात त्या दोघांजवळ जुरहुम टोळी येऊन वसली. इस्माईल त्या लोकांकडून अरबी शिकले आणि त्यांच्यातच त्यांचं लग्न झालं, असं परंपरा सांगते. म्हणून जुने वंशावळकार इस्माईलच्या शाखेला, म्हणजे अदनानी अरबांना, ‘अरब झालेले’ म्हणतात. पैगंबरांची कुरैश टोळी याच शाखेतली. सगळ्यांत मानाच्या घराण्याची भाषासुद्धा शेजारातून आणि सासुरवाडीतून आली, हे वाचलं तेव्हा मला दादीची फार आठवण आली.

भाषेची मोजपट्टी तिकडेही कुठे नीट बसते? लिहिण्याची अरबी सगळीकडे एक, पण बोलण्याची मोरोक्कोची वेगळी, कैरोची वेगळी, येमेनची वेगळी. मोरोक्कोतला आणि येमेनी माणूस आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांचं फारसं कळणार नाही. मोरोक्कोत तर मोठा समाज अमाझिग आहे. त्यांच्या भाषेला २०११ च्या राज्यघटनेने अरबीच्या जोडीने राजभाषेचा दर्जा दिला. १९४५ साली कैरोत स्थापन झालेल्या अरब लीगमध्ये आज २२ देश आहेत, आणि त्यांत सोमालिया, जिबुती, कोमोरोस असे देशही आहेत, जिथे बहुतेकांची घरची भाषा अरबी नाही.

३. अरब म्हणजे मुसलमान, हे समीकरण मोडून सांगावंच लागतं.

हे मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. जगातल्या मुसलमानांत अरब सुमारे पाचव्या हिश्श्याएवढेच. आणि अरबांत ख्रिस्ती किती तरी. आधुनिक अरबीचा मोठा शब्दकोश करणारे बुतरुस अल-बुस्तानी लेबनॉनचे ख्रिस्ती होते. अरब राष्ट्रवाद मांडणाऱ्या बाथ पक्षाच्या संस्थापकांपैकी मिशेल अफलक दमास्कसच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स घरात जन्मले. पोरं विचारायची, "बाई, ख्रिश्चन अरब अल्लाला काय म्हणतात?" अल्लाहच म्हणतात. त्यांच्या बायबलातही तोच शब्द आहे.

४. तेरचं आणि हद्रमौतचं नातं अरबीपेक्षा जुनं आहे.

तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण सगळे जातो. मी मुलांची सहल नेली की त्यांना रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आवर्जून थांबवायची. प्राचीन तगर म्हणजे हेच तेर. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे समुद्रप्रवासाचं टिपण लिहिलं. पैठण आणि तगर इथून माल डोंगराळ वाटेने भडोचच्या बंदरात जातो, तगरचं कापड जातं, असं त्यात आहे. त्याच पुस्तकात हद्रमौतच्या किनाऱ्यावरच्या काने बंदराचं वर्णन येतं. तिथला लोबान, म्हणजे धुपाचा डिंक, प्रसिद्ध होता, आणि त्या बंदराचा व्यापार भडोचशी होता. म्हणजे माझ्या माहेरच्या जिल्ह्यातलं गाव आणि पणजोबांचा मुलूख एकाच व्यापाराच्या दोन टोकांना होते.

ते पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा हद्रमौतचे लोक अरबी बोलतच नव्हते. त्यांची स्वतःची दक्षिण अरबी भाषा होती, वेगळी लिपी होती. तिच्यातले शिलालेख सापडतात. अरबी तिथे नंतर पसरली. शेजारच्या महरा भागात अरबीहून निराळी महरी भाषा अजून बोलली जाते. आम्हाला दख्खनमध्ये येऊन दखनी आणि मराठी लागली, तसं त्यांना आधी अरबी लागली होती. तरी तेव्हाचे हद्रमी आमचे पूर्वज नव्हेत, असं कुणी म्हणत नाही.

५. इथे अरब म्हणजे आधी एक धंदा होता.

हे आमच्या समाजातल्या काहींना आवडत नाही, पण दख्खनमध्ये अरब ओळखले जात ते शिपाईगिरीमुळे. पेशव्यांच्या फौजेत अरब पायदळ होतं. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ते पेशव्यांच्या बाजूने लढले. त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावचा किल्ला अरबांनी इंग्रजांविरुद्ध चिवटपणे लढवला. मराठी राज्य गेलं, आणि अरब शिपायाला दख्खनमध्ये मोठा आसरा उरला तो निजामाचा.

निजामाच्या राज्यात अरब जमादार फक्त शिपाई पुरवत नव्हते. ते सावकारही झाले. दरबाराला, जहागीरदारांना कर्ज देत, तारण म्हणून तालुक्यांचा वसूल लावून घेत आणि पैसा थकला की ऋणकोला आपल्या पहाऱ्यात बसवत. ‘अरब-रोहिल्यांचा धाक’ हे शब्द आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी होते ते उगाच नाही. दाराशी अरब येऊन बसला म्हणजे काय, हे इथल्या कुळांनी भोगलं आहे. माझ्या पूर्वजांबद्दल लिहिताना हे वगळणं मला पटत नाही. १८५३ मध्ये सालारजंग दिवाण झाले. त्यांनी अरबांचे दावे कोर्टात आणले, गहाण पडलेले तालुके सोडवले आणि त्यांची ताकद हळूहळू आवरली. त्याच वर्षी हैदराबाद कंटिंजंट फौजेचा थकलेला खर्च भागवायला निजामाने वऱ्हाडाबरोबर आपला हा नळदुर्गचा जिल्हाही इंग्रजांच्या हवाली केला. तो १८६० मध्ये परत मिळाला. मधल्या काळात मेडोज टेलर इथे अधिकारी होता. त्याने तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली.

दख्खनचा पैसा हद्रमौतला पोचला तो असा की त्याने तिथलं राजकारणच बदललं. उमर बिन अवद अल-कुऐती हे निजामाचे जमादार. इथल्या कमाईवर त्यांच्या मुलांनी तिकडे राज्य उभारलं. १८६७ मध्ये शिहर बंदर घेतलं, १८८१ मध्ये मुकल्ला. प्रतिस्पर्धी कसीरी घराण्यातलेही काही जण हैदराबादेतच नोकरी केलेले. कुऐतींचं राज्य १९६७ पर्यंत टिकलं. म्हणजे मुकल्ल्याच्या तख्ताची पाळंमुळं मराठवाड्याच्या आणि तेलंगणाच्या शेतसाऱ्यातही होती. ओळख तिकडून इकडे आली तशी इकडून तिकडेही गेली. मुकल्ल्याच्या सुलतानांच्या घरात हैदराबादी उर्दू समजली जात होती.

६. १९४८ मध्ये ‘तू अरब का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचं घर ठरलं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलं. पहिली चकमक आमच्या नळदुर्गला झाली, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि रस्ता मोकळा झाला. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या अत्याचारांनी हा जिल्हा होरपळला होता. गावंच्या गावं सीमेपलीकडे सोलापूर-बार्शीकडे जाऊन राहिली होती. मुक्ती आली, आणि तिच्या पाठोपाठ सूडही आला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने नेहरूंना अहवाल दिला. सर्वाधिक झळ लागलेले जिल्हे म्हणून त्यात उस्मानाबाद (आताचा धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं आहेत. संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत असा त्यांचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला. दोन्ही दुःखं याच मातीतली आहेत. एक सांगताना दुसरं झाकू नये असं मला मनापासून वाटतं.

या धामधुमीत अरब, रोहिले, पठाण यांना परदेशी समजून ताब्यात घेतलं गेलं आणि त्यांतल्या अनेकांना बोटीने पाठवून दिलं. पण परदेशी कोण? विलायती तर उघडच. मुवल्लद कोण? इथेच जन्मलेला, इथल्याच बाईच्या पोटचा, पण बाप अरब. सरकारी माणसांनाही हे कोडं सुटेना.

दादांना इतरांबरोबर छावणीत नेलं होतं. एका अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, "तू कुठला?" दादांनी सवयीने नाव सांगितलं, बापाच्या, आज्याच्या नावासकट. ज्या यादीचा त्यांना एवढा अभिमान, तीच त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. तेव्हा ढोकीहून दादीचे दोन भाऊ आले, सोबत गावचे पाटील आले. परंड्याहून पणजीच्या भावकीतला एक म्हातारा आला. या माणसाचा जन्म आमच्या गल्लीतला, याची आई आमची, असं त्याने सांगितलं. दादा सुटले. त्यांचे एक चुलतभाऊ अरबस्तानात जन्मलेले होते. त्यांच्यासाठी बोलायला आजोळच नव्हतं. त्यांना जावं लागलं. इथे राहिलेली त्यांची बायको उरलेलं आयुष्य शिवणकाम करून जगली. ती आम्हाला फराकी शिवून द्यायची. तिच्या नवऱ्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

पुढे मी राज्यघटना वाचली तेव्हा पाचवं कलम पुन्हा पुन्हा वाचलं. इथे राहणारा जो माणूस इथे जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कुणीही एक इथे जन्मलं, तो भारताचा नागरिक. कुणीही एक. हे कलम २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आलं, बाकीच्या घटनेच्या दोन महिने आधी. नसबाच्या यादीत नसलेल्या पणजीला घटनेने बापाच्या बरोबरीने मोजलं. मी मराठीची बाई, नागरिकशास्त्र माझा विषय नव्हता. तरी हे कलम मी दर वर्षी दहावीच्या मुलामुलींना वाचून दाखवलं.

७. संस्कृतीतली पुरुषांची वस्तू लग्नात दिसते, बायकांची रोज ताटात.

लग्नाच्या वरातीत मरफा वाजतो, त्याच्या ठेक्यावर पुरुष नाचतात. लुंगी नेसायची पद्धत, बंद खोलीतला ऊद, हे त्यांचं. हैदराबादच्या बारकस भागात अजून हरीस शिजतो; हलीम त्याच घराण्यातला. आमच्या घरात मात्र ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, खट्टी दाळ, आणि पाहुणे आले की बगारा खाना. महामार्गावर ‘अरेबियन मंदी’ या मांस-भाताच्या पदार्थाच्या पाट्या लागल्या आहेत आणि तरुण चाऊस मुलं मोठ्या हौसेने तिथे जातात. जाऊ देत. पण ज्वारीच्या भाकरीलाही आमची म्हणायला त्यांनी लाजू नये.

८. एकाच खोऱ्यातून निघालेल्या भावांची पुढे वेगवेगळी राष्ट्रं झाली.

कुणी जावाला गेला, कुणी झांजिबारला, कुणी जेद्दाहला, कुणी दख्खनला. इंडोनेशियाचे १९८८ ते १९९९ या काळातले परराष्ट्रमंत्री अली अलातास हद्रमी वंशाचे. पूर्व तिमोरचे पहिले पंतप्रधान मारी अल्कातिरीही. सौदीतली मोठी व्यापारी घराणी, बिन महफूझ, बिन लादेन, हद्रमौतहूनच तिकडे गेलेली. जेद्दाहला जो गेला तो अरबच राहिला, कारण तिथे त्याच्या मुलांची आई अरबी बोलत होती. जावात जो गेला त्याची मुलं मलय बोलू लागली. आमचं काय झालं ते वर सांगितलंच.

१९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि आमच्या घरांतली मुलं नोकरीला आखातात गेली. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा दादा हयात होते. पोरगा आपल्या माणसांत चालला म्हणून त्यांना केवढा आनंद! तिथे त्याला सगळे ‘हिंदी’ म्हणत. पासपोर्ट भारताचा, बोली दखनी, काम गवंड्याच्या हाताखालचं. त्याने वंशावळ सांगितली तर ऐकणारा हसला नाही, आदराने ऐकलंही, पण पगार त्यामुळे वाढला नाही. भावाची दोस्ती जमली ती लातूर आणि सोलापूरच्या मुलांशी. सुट्टीच्या दिवशी खोलीत ही मंडळी भाकऱ्या थापत.

सरकारंही आपापल्या गरजेप्रमाणे अरब ठरवतात. २००७ मध्ये आंध्र प्रदेशने मुसलमानांतल्या मागास समाजांसाठी आरक्षणाचा कायदा केला. त्यातून सय्यद, मोगल, पठाण, इराणी यांच्या जोडीने अरबही वगळले. १९४८ मध्ये अरब म्हणजे परका, २००७ मध्ये अरब म्हणजे वरचा. बारकसमधल्या रिक्षावाल्याला दोन्हींचा काही उपयोग झाला नाही.

९. बाईचा वंश कायद्यातही उशिरा पोचला. आता तो लिहून काढायला हवा.

माझं लग्न शेख घरात झालं. त्यामुळे नसबाच्या हिशेबात माझी मुलं अरब नाहीत. भावाची बायको पठाण घरातली, तिची मुलं मात्र अरब. हद्रमौतमध्ये तर यावर कडक नियम होते. सय्यद पुरुषाला कुठल्याही घरातली मुलगी चालायची, पण सय्यद मुलगी खालच्या मानलेल्या घराण्यात द्यायची नाही. या नियमांवरचा वाद हद्रमींबरोबर समुद्रापलीकडेही गेला. जावात अहमद सुरकाती या सुदानी शिक्षकाने माणसं जन्माने समान असल्याची बाजू घेतली. त्यातून १९१४ मध्ये बटाव्हियात अल-इर्शाद संस्था निघाली, आणि तिने तिथल्या अरब मुलांसाठी शाळा काढल्या. एक शाळामास्तर उभा राहिला की एवढं होतं. हे मी एका शिक्षिकेच्या अभिमानाने लिहिते आहे.

अनेक अरब देशांत नागरिकत्वही बापाकडूनच मिळे. इजिप्तने २००४ मध्ये, मोरोक्कोने २००७ मध्ये आईकडून ते देणं मान्य केलं; लेबनॉनची बाई आजही आपल्या मुलांना ते देऊ शकत नाही. आपण फार पुढे होतो असंही नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाला १९५५ च्या आपल्या कायद्याने भारतीय ठरवलं ते बाप भारतीय असेल तरच. १९९२ च्या दुरुस्तीनंतर आईही चालू लागली. आखातात बाळंत झालेल्या आमच्या लेकीबाळींना हा फरक पुस्तकातून कळला नाही, कागदपत्रांच्या रांगेत कळला.

गेली काही वर्षं मी दुसरी एक यादी लिहिते आहे, आयांची. आई, तिची आई, तिचं माहेर, तिची बोली. दादीपर्यंत सोपं गेलं. ढोकीला तिच्या माहेरच्यांनी आनंदाने सांगितलं. नंतर अडलं. तेव्हा एका जाणत्या काझींनी सुचवलं की निकाहाची नोंद बघा. निकाहनाम्यात वधूचं नाव लिहावंच लागतं, सोबत तिच्या वडिलांचं नाव आणि मेहर. जी बाई वंशावळीत नाही ती तिथे सापडते. परंड्याच्या एका ट्रंकेत असे काही कागद निघाले. त्यांतली उर्दू शिकस्त वळणाची, घाईत लिहिलेली, आणि तो हात वाचणारी माणसं आता जिल्ह्यात मोजकी उरली आहेत. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत. एका कागदावर वराचं नाव आणि हद्रमौत हा शब्द स्पष्ट लागतो, वधूच्या नावावर मात्र डाग आहे. वडिलांच्या नावातला शेवटचा भाग ‘साहेब’ असावा असं वाचणाऱ्याचं म्हणणं. तो कागद पणजीचा की तिच्या जावेचा, हे ठरवायला आणखी एक नोंद लागेल.

ज्यांच्या घरी असे जुने निकाहनामे, मेहरचे कागद, माहेरच्या जमिनीचे उतारे असतील, त्यांनी ते आधी नीट सुकवून, फोटो काढून ठेवावेत, आणि शिकस्त वाचणारं माणूस गावात आहे तोवर वाचून घ्यावेत. फक्त चाऊस घरांनीच नव्हे. रोहिले, पठाण, आणि निजामाच्या नोकरीसाठी उत्तरेतून आलेली कायस्थ, खत्री घरंही इथे आहेत. त्यांच्याकडेही बापाची यादी असेल. माझ्या भाचीने संगणकावर एक तक्ता करून दिला आहे. त्यात पहिला रकाना आईच्या नावाचा आहे, दुसरा तिच्या गावाचा. ज्याला हवा असेल त्याला ती देते.